दमगिरी : एका खानाचा मृत्यू आणि मेंदूच्या सुजेचा शोध

इतिहासाच्या पुस्तकांत राजांच्या लढाया, तह आणि सनावळ्या भरपूर सापडतात. राजे कशाने आजारी पडले, लढाईवाचून सैन्य का खचले, धडधाकट घोडे वाटेतच का मेले, यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. वस्तुतः जुन्या बखरींत आणि तवारिखांत अशा नोंदी असतात. पण वाचणारा राजकारणाच्या शोधात असतो आणि त्या नोंदी ओलांडून पुढे जातो. सोळाव्या शतकातील एका फारसी ग्रंथात अशीच एक नोंद आहे. ती लिहिणारा हकीम नव्हता, सेनापती होता. ज्या रोगाचे त्याने वर्णन केले त्या रोगाने त्याच्याच धन्याचा बळी घेतला. आणि त्याच्या नोंदीत जी एक गोष्ट सहज येऊन गेली आहे, तीच आज या रोगावरील पहिला इलाज मानली जाते.

त्या रोगाचे नाव दमगिरी.

मिर्झा हैदर

या ग्रंथकाराचे नाव मिर्झा मुहम्मद हैदर दुघलात. जन्म इ. स. १४९९ च्या सुमारास, ताश्कंद येथे. मोगल सत्तेचा संस्थापक बाबर हा त्याचा मावसभाऊ. मिर्झा हैदर लहान असतानाच त्याच्या वडिलांची हत्या झाली आणि या पोरक्या मुलाला काबूलमध्ये बाबराने आसरा दिला. पुढे तो काशगर व यारकंद येथे राज्य करणाऱ्या सुलतान सईद खानाच्या पदरी गेला. हा खान त्याचा मामेभाऊ. त्याच्या फौजांचे नेतृत्व मिर्झा हैदरने अनेक वर्षे केले. खानाच्या मृत्यूनंतर तो हिंदुस्थानात आला. १५४० साली त्याने काश्मीर जिंकले आणि १५५१ मध्ये मारला जाईपर्यंत तेथील कारभार पाहिला.

काश्मीरमध्ये असतानाच त्याने 'तारीख-ए-रशीदी' हा ग्रंथ लिहिला. मध्य आशियातील मोगलांचा इतिहास म्हणून विद्वान तो वाचत आले आहेत. १८९५ साली डेनिसन रॉस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर नेय एलियस यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले आणि तो जगभर पोहोचला. याच ग्रंथात तिबेट व लडाखच्या वर्णनाच्या ओघात दमगिरीची हकिगत आली आहे.

'दम' म्हणजे श्वास, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. दम लागणे, दम कोंडणे हे आपण रोज बोलतो. 'गिरी' हा मात्र येथे पर्वतवाचक संस्कृत शब्द नव्हे. फारसीत त्याचा अर्थ पकडणे असा होतो. दमगिरी म्हणजे श्वास पकडणारा रोग.

१५३२ ची मोहीम

इ. स. १५३२ मध्ये सुलतान सईद खानाने लडाखवर स्वारी केली. यारकंद शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. तेथून लडाखकडे येणारी काराकोरमची वाट साडेपाच हजार मीटर उंचीच्या खिंडीवरून जाते. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. खानाच्या सैन्यात कोणाला हा हिशेब ठाऊक असणे शक्यच नव्हते, कारण हवेला वजन असते ही गोष्ट सिद्ध व्हायला अजून शंभरावर वर्षे जायची होती.

वाटेतच खानाला दमगिरीने गाठले आणि तो अत्यवस्थ झाला. त्याला तशाच स्थितीत पुढे नेण्यात आले. नुब्राच्या खोऱ्यात, म्हणजे बऱ्याच खालच्या प्रदेशात आल्यावर त्याच्या प्रकृतीला उतार पडला. पुढचा हिवाळा त्याने बाल्टिस्तानात काढला आणि मिर्झा हैदरला फौज देऊन काश्मीरवर पाठवले. दुसऱ्या वर्षी मिर्झा हैदर ल्हासाच्या दिशेने निघाला व खान त्याच उंच वाटेने यारकंदला परत चालला. या वेळी त्याला खालचे खोरे लाभले नाही. जुलै १५३३ मध्ये वाटेतच, दमगिरीने, त्याचा मृत्यू झाला.

काराकोरम खिंडीच्या दक्षिणेस दौलत बेग ओल्डी नावाचे ठिकाण आहे. तुर्की भाषेत या नावाचा अर्थ 'थोर धनवान पुरुष जेथे मेला ती जागा' असा आहे. ते नाव सईद खानाच्या मृत्यूवरूनच पडले असावे, असे काही इतिहासकार मानतात. आज तेथे भारतीय लष्कराचे ठाणे आणि सुमारे ५,१०० मीटर उंचीवर विमानांची धावपट्टी आहे.

सेनापतीची नोंद

मिर्झा हैदरने या रोगाची जी लक्षणे दिली आहेत ती आपल्या शब्दांत सांगायची तर अशी : माणसाला मळमळते. पाठीवर ओझे घेऊन चढ धावत चढल्यासारखा दम लागतो. झोप येत नाही. डोळा लागलाच तर छातीवर दडपण येऊन माणूस दचकून जागा होतो. रोग वाढला की शुद्ध हरपते, रोगी असंबद्ध बडबडू लागतो, कधी त्याची वाचाच जाते. हातापायांना सूज येते. असा रोगी पुष्कळदा पहाट ते न्याहारी एवढ्या वेळात मरतो, तर कधी काही दिवस रेंगाळतो. हा रोग परक्या माणसालाच होतो, तेथील रहिवाशांना होत नाही. घोड्यासारख्या जनावरांनाही तो सोडत नाही. तेथील वैद्यांना त्याचे कारण माहीत नाही.

आणि याच ओघात तो सांगतो की, मधल्या काळात रोगी एखाद्या गावात किंवा किल्ल्यात पोहोचला तर तो जगण्याचा संभव असतो, नाही तर त्याचे मरण ठरलेले.

या वाक्याचे महत्त्व आज कळते. त्या मुलखात गावे आणि किल्ले नदीच्या खोऱ्यांत, खालच्या अंगाला असतात. खिंडीत कोणी वस्ती करीत नाही. गाव गाठणे म्हणजेच खाली उतरणे. रोग्याला वाचवत होती ती उतरलेली उंची. मिर्झा हैदरला हे कारण ठाऊक नव्हते. पण त्याने कारणाच्या जागी स्वतःची कल्पना रचून ठेवली नाही. जे दिसले ते लिहिले आणि जेथे ज्ञान संपले तेथे तसे स्पष्ट सांगितले. म्हणूनच त्याची नोंद पावणेपाचशे वर्षांनंतरही उपयोगी पडते.

पर्वतांवरील या त्रासाचा उल्लेख त्याच्याही आधी झालेला होता. चीनच्या हान घराण्याच्या इतिहासात पश्चिमेकडच्या वाटेवरील 'मोठा डोकेदुखीचा डोंगर' आणि 'लहान डोकेदुखीचा डोंगर' यांची नावे येतात. ती हकिगत इ. स. पूर्व पहिल्या शतकातील आहे. पण बरळणे, वाचा जाणे आणि बेशुद्धी, म्हणजेच ज्यांचा मेंदूशी थेट संबंध आहे अशी लक्षणे इतक्या स्पष्टपणे नोंदवणाऱ्या जुन्या लेखकांत मिर्झा हैदरचे स्थान वरचे आहे.

हवेचे कोडे

कारणाचा शोध पुढे युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत लागत गेला. स्पेनचे पाद्री होसे दे अकोस्ता यांनी पेरू देशातील पारियाकाका पर्वत ओलांडताना स्वतः हा त्रास भोगला. १५९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी लिहिले की, तेथील हवा माणसाच्या श्वसनाला पुरणार नाही इतकी विरळ आहे. १६४८ मध्ये फ्रान्समध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी डोंगरावर नेली आणि उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो हे दाखवून दिले.

तरीही शरीराला नेमके काय कमी पडते हे ठरायचे होते. ते ठरवले पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने. त्याचा मोठा ग्रंथ १८७८ साली बाहेर आला. हवेतील प्राणवायूचे प्रमाण डोंगरावरही शेकडा २१ च असते. पण दाब कमी झाल्याने प्रत्येक श्वासाबरोबर रक्तात जाणारा प्राणवायू घटतो, आणि सर्व त्रासाचे मूळ तेथे आहे, हे त्याने प्रयोगांनी सिद्ध केले.

त्याआधी तीन वर्षे एक दुर्घटना घडली होती. १५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' नावाच्या फुग्यातून तिघे फ्रेंच संशोधक आठ हजार मीटरहून अधिक उंच गेले. त्यांच्याजवळ प्राणवायूच्या पिशव्या होत्या. पण तो घ्यावा असे वाटेपर्यंत हात उचलेनासे झाले होते. फुगा खाली आला तेव्हा दोघे मेलेले होते. वाचलेल्या तिसांदिए याने लिहून ठेवले की, त्या उंचीवर यातना जाणवतच नाहीत. उलट मनाला एक प्रकारचा आनंद होतो आणि संकटाची पर्वा वाटेनाशी होते.

या प्रकारात मेंदूला सूज येत नाही. प्राणवायू एकाएकी तुटल्याने काही मिनिटांतच माणूस शुद्ध गमावतो. सुजेचा आजार पर्वतावर गेल्यावर सहसा एक ते तीन दिवसांत वाढत जातो. परंतु दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे आणि तीच सर्वांत घातक आहे. ज्या बुद्धीने धोका ओळखायचा, तीच आधी मंद होते.

डोंगरावरचे डॉक्टर

१९१३ साली टॉमस रेव्हनहिल या इंग्रज डॉक्टरने एक निबंध प्रसिद्ध केला. चिली देशातील खाणींवर तो नोकरीला होता. समुद्रकाठाहून रेल्वेने थोड्या वेळात चढून आलेल्या माणसांचे आजार त्याने पाहिले व त्यांचे तीन प्रकार पाडले : साधा, हृदयाशी संबंधित वाटणारा आणि मज्जासंस्थेचा. दुसरा प्रकार म्हणजे फुप्फुसात पाणी होणे आणि तिसरा म्हणजे मेंदूची सूज, हे आज आपण ओळखतो. पण पहिल्या महायुद्धानंतर रेव्हनहिलने वैद्यकी सोडली, चित्रकलेला वाहून घेतले आणि त्याचा निबंध जवळजवळ अर्धशतक विस्मृतीत गेला.

पुढचे मोठे काम आपल्या देशात झाले, तेही पुन्हा लडाखशी निगडित. १९६२ च्या चीन युद्धात सपाटीवरचे हजारो जवान घाईघाईने हिमालयाच्या उंच ठाण्यांवर पाठवावे लागले. शरीराला विरळ हवेची सवय होण्यास जो अवधी लागतो तो त्यांना मिळाला नाही. लष्करी डॉक्टरांपुढे रोग्यांची रीघ लागली. इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी अशा १,९२५ सैनिकांचा अभ्यास करून १९६९ साली अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो प्रसिद्ध केला. काही रोग्यांच्या पाठीच्या कण्यातील पाण्याचा दाब त्यांनी मोजला. आजारात तो वाढलेला होता आणि बरे वाटल्यावर उतरला होता. मेंदूच्या सुजेकडे बोट दाखवणारा हा ठोस पुरावा होता. १९७५ साली चार्ल्स ह्यूस्टन व जॉन डिकिन्सन यांनी 'लॅन्सेट'मध्ये बारा रोग्यांची हकिगत देऊन या आजाराचे स्वतंत्र रूप वैद्यकीय जगापुढे ठेवले.

सूज कशी येते, कशी ओसरते

प्राणवायू कमी पडला की तो मिळवण्यासाठी मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तेथे अधिक रक्त धावते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून एरवी पाणी सहज बाहेर पडत नाही, इतकी त्यांची वीण घट्ट असते. दाब आणि प्राणवायूचा तुटवडा यांमुळे ही वीण सैल होते व पाणी मेंदूत झिरपते. कवटी हाडाची, ती फुगू शकत नाही. मग आतल्या आत दाब वाढतो. डोके ठणकते, तोल जातो, बोलणे अडखळते, माणूस गोंधळतो, झोपाळू होतो आणि शेवटी त्याला जाग आणता येत नाही.

हे झिरपलेले पाणी मेंदूत कोठे साचते, हे १९९८ साली दिसले. पीटर हॅकेट व सहकाऱ्यांनी अशा नऊ रोग्यांच्या मेंदूची एम. आर. आय. तपासणी केली. त्यांपैकी सात जणांत मेंदूच्या पांढऱ्या भागात, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यांत, पाणी आढळले. मेंदूच्या दोन अर्धांना सांधणाऱ्या पुलाच्या मागील टोकाला ते विशेष होते. विचार करणाऱ्या पेशींचा करडा भाग मात्र ठीक होता. नऊही रोगी बरे झाले. ज्या चौघांची पुन्हा तपासणी करता आली त्यांच्या मेंदूतील सूज पूर्णपणे ओसरलेली होती.

या आजारात गेलेली बुद्धी परत का येऊ शकते, याचे उत्तर येथे सापडते. पेशी मेलेल्या नसतात. तारांच्या जुडग्यात पाणी शिरून निरोप अडलेले असतात. पाणी निघाले की निरोप पुन्हा सुरू होतात. वेळेवर खाली आणलेला रोगी बहुधा काही दिवसांत ओळखू, बोलू, आठवू लागतो. तोल सावरायला मात्र अधिक वेळ लागतो, कधी काही आठवडेही. अशा वेळी घरच्यांनी 'हा असाच राहणार' म्हणून हाय खाऊ नये आणि 'आता उभा राहिला, बरा झाला' म्हणून घाईही करू नये.

तथापि ही परतफेड बिनशर्त नाही. उशीर झाला, बेशुद्धी लांबली, तर प्राण जातो किंवा कायमचे अधूपण मागे राहते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असेही दिसले की, या आजारातून उठलेल्यांच्या मेंदूत सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा काही वर्षांनंतरही टिकून असतात. अति उंचीवर दीर्घ काळ राहिलेल्या गिर्यारोहकांचीही तपासणी झाली आहे. १९८१ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेतील लोकांत उतरल्यानंतर शब्द आठवण्याची शक्ती घटलेली आढळली. वर्षभरात ती भरून आली, पण बोटांनी भराभर ठोके देण्याची गती पुष्कळांची मंदच राहिली.

आपल्यासाठी बोध

हा सर्व इतिहास आपल्या घरापासून फार दूरचा वाटेल. पण तो तसा राहिलेला नाही. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. लेह शहर त्याच्या दुपटीहून अधिक उंच, सुमारे ३,५०० मीटर. सकाळी समुद्रकाठावरून निघालेला मुलगा विमानाने त्याच दिवशी लेहला उतरू शकतो. खानाच्या फौजेला जी चढण चढायला कित्येक मुक्काम लागत, ती आता काही तासांची झाली आहे. आपली मुले सहलीला, गिर्यारोहणाला, फौजेत, रस्तेबांधणीच्या नोकरीत तेथे जातात. त्यांना आणि त्यांच्या पालकांना चार गोष्टी माहीत असाव्यात.

एक : तेथे पोहोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे.

दोन : डोके दुखते, मळमळते, झोप येत नाही, अशी तक्रार असेल तर त्रास थांबेपर्यंत आणखी वर चढू नये. तरुण आणि सशक्त शरीर म्हणजे संरक्षण नव्हे. धट्टेकट्टे जवान या आजाराने गेले आहेत.

तीन : सोबत्याला एका सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून चालायला सांगावे. तो झोकांडत असेल, वेड्यासारखे बोलत असेल किंवा नुसता झोपू पाहत असेल, तर ते थकवा समजून त्याला निजू देऊ नये. त्याला ताबडतोब खाली आणावे, कमीत कमी ३०० ते १,००० मीटर, आणि एकट्याला कधीही पाठवू नये. प्राणवायू, डेक्सामेथासोनसारखी औषधे आणि दाब वाढवता येणारी पिशवी ही साधने आज उपलब्ध आहेत व डॉक्टरांच्या हाती ती जीव वाचवतात. पण ती उतरण्याला मदत करणारी साधने आहेत. उतरण्याऐवजी त्यांवर भिस्त ठेवू नये.

चार : ज्याला एकदा हा आजार झाला त्याला पुन्हा होण्याचा धोका अधिक. पुन्हा जायचे तर डॉक्टरांना विचारून आणि सावकाश.

यांतील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. आजारी माणूस बहुधा म्हणतो, 'मला काही झालेले नाही, थोडे झोपू द्या.' तो खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच कळत नसते. त्याचा निर्णय सोबत्यालाच करावा लागतो. आजारी माणूस वयाने मोठा असो, हुद्द्याने वरचा असो किंवा नेता असो, त्याची नाराजी पत्करूनही तो करावा लागतो. सुलतान सईद खान एकदा नुब्राच्या खोऱ्यात उतरला आणि वाचला. दुसऱ्यांदा उतरायला जागा मिळाली नाही आणि फौजफाटा, हकीम, खजिना यांपैकी काहीच त्याच्या कामी आले नाही.

विद्यार्थी मित्रहो, मिर्झा हैदरजवळ ना दाबमापक होता, ना एम. आर. आय. यंत्र. डोळे उघडे ठेवून पाहणे आणि पाहिले तेवढेच लिहिणे, एवढीच साधने त्याच्याजवळ होती. त्याच्या चार ओळींचा अर्थ लावायला पुढच्या पिढ्यांना चार शतके लागली. आपल्या घराण्यांत, गावांत, मदरशांत आणि ग्रंथालयांत अशी किती जुनी कागदपत्रे न वाचता पडली असतील! ती जपा, वाचायला शिका. आणि उद्या कधी उंच डोंगरावर गेलात आणि शेजारचा मित्र बरळू लागला, तर कारणांची चर्चा नंतर करा. आधी त्याचा हात धरा आणि त्याला खाली आणा.